नाताळ, थंडी आणि ससे

२४ डिसेंबर, माजलगाव.

धरणावरून येणारा वारा आज फार बोचरा आहे. आई करंज्या तळतेय, दादा दारावर चांदणी टांगतोय. उद्या उपासनेत रेव्हरंड टिळकांची गीतं. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीनं येशूची भक्ती अभंगात आणली, म्हणून नाताळ मला कधीच परका वाटला नाही.

जीव मात्र सशांत अडकलाय. थंडी ते सोसतात. सोसत नाही ती ओल, आणि आपला मराठवाडी उन्हाळा. त्यांना घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता लांब कानांवाटे जाते. पिंजऱ्यात कोरडं गवत घातलं, वाऱ्याच्या बाजूनं पोतं बांधलं. करंजी त्यांना अजिबात द्यायची नाही, धाकटीला बजावलंय. त्यांना रोजचा लसूणघास आणि सणाची म्हणून गाजराची एक चकती.