तिरकी खिडकी, सरळ फंडा

पॅरिस म्हटलं की पोस्टकार्डावर तीन गोष्टी हमखास असतात. आयफेल टॉवर, कॅफेबाहेरची गोल टेबलं आणि राखाडी छपरं. पहिल्या दोन टूरिस्टच्या वाट्याला येतात. तिसरीच्या खाली राहतात विद्यार्थी, नुकतेच नोकरीला लागलेले लोक आणि गेल्या जुलैत आठ दिवस मी!

ही छपरं जस्ताच्या पत्र्याची. १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओस्मानने शहराची नव्याने आखणी केली, रुंद रस्त्यांच्या कडेला एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर जस्त चढलं. छपराच्या त्या मोडलेल्या उताराला ‘मॅन्सार्ड’ म्हणतात, सतराव्या शतकातला आर्किटेक्ट फ्रान्स्वा मान्सार याच्या नावावरून. हा पत्रा बसवणाऱ्या कारागिरांचं कौशल्य डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. एकदम रोमँटिक, नाही? पण एप्रिलची दुपार पत्र्याखाली काढलेल्या मराठी माणसाला पुढचं सांगायला नकोच.

मोलकरणीची खोली

छपराखालच्या खोल्यांचं नाव ‘शांब्र द बॉन’, म्हणजे मोलकरणीची खोली. मालक खालच्या मजल्यांवर प्रशस्त राहायचे, नोकरमंडळी मागच्या अरुंद जिन्याने वर. आता त्या भाड्याने जातात. भाड्याने द्यायला किमान ९ चौरस मीटर जागा आणि २.२० मीटर उंची, नाहीतर २० घनमीटर आकारमान हवं, असा नियम आहे. माझी पुण्याची मैत्रीण अशाच एका खोलीत राहते. सहा मजले चढून गेलं की एक पलंग, एक टेबल, आणि अर्ध्या खोलीवर वाकलेलं छप्पर. त्या उतारातच खिडकी. फ्रेंच लोक तिला सरळ ‘वेल्युक्स’ म्हणतात. खरं तर हे १९४१ मध्ये सुरू झालेल्या डॅनिश कंपनीचं नाव. पण आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप ‘डालडा’ होतं ना, तसंच!

पलंगावर पडलं की थेट आभाळ दिसतं. रात्री हे भन्नाट वाटतं. पण जुलैत इथे सहाच्या सुमारास उजाडतं आणि दहाच्या आसपास मावळतं. ऐन उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो. खालच्या मजल्यांवरच्या उभ्या काचेवर ऊन तिरपं येतं, शिवाय तिथे बाहेरून लाकडी नाहीतर लोखंडी झडपा असतात. वरची तिरकी काच मात्र सूर्याकडे तोंड करून पहुडलेली, आणि तिला झडप नाही.

हा निव्वळ झोपमोडीचा मामला नाही. ऑगस्ट २००३ मधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. थेट छपराखाली झोपणाऱ्या वृद्धांना धोका जास्त होता, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे इथे पडद्याची निवड इंटिरियरच्या पानावरची राहत नाही.

पडदा लोंबणारच

साध्या पडद्याची गोची सोपी आहे. तो सरळ खाली लोंबतो, आणि खिडकी तिरकी. म्हणजे कापड काचेपासून सुटून थेट तुमच्या नाकासमोर! शिवाय यातल्या बऱ्याच खिडक्या मधल्या आसावर फिरतात. वरचा भाग आत येतो, खालचा बाहेर जातो. भिंतीवर रॉड ठोकला तर खिडकीच उघडायची नाही. म्हणून पडदा भिंतीला नाही, खिडकीच्या हलत्या चौकटीलाच बसवायचा.

पर्याय तीन. दोन्ही कडांना पट्ट्या असलेला रोलर ब्लाइंड, यात कापड खाचेतून सरकतं, लोंबत नाही. ताणलेल्या दोऱ्यांवरचा चुणीदार ब्लाइंड, हा वर-खाली कुठेही थांबतो, पण उजेड पूर्ण अडवत नाही. आणि मागून चंदेरी लेप असलेला ब्लॅकआउट, उशिरा उठणाऱ्यांसाठी बेस्ट.

“अगं, टेप कशाला काढतेस? आधी खिडकी उघड!” मैत्रीण म्हणाली. चौकटीच्या वरच्या कडेला छोटी पट्टी असते, त्यावर कोड. तिच्या खिडकीचा एमके०४, म्हणजे ७८ बाय ९८ सेंटिमीटर. दुकानात तेवढा कोड सांगितला की काम झालं.

आत की बाहेर?

खरा प्रश्न हा. आतला पडदा उजेड थांबवतो, पण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि त्यातली बरीचशी उष्णता खोलीतच राहते. बाहेरून लावलेली जाळी किंवा शटर ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवतं. सौरऊर्जेवर चालणारी मॉडेल्सही मिळतात, वायरिंगची कटकट नाही.

मग लावा की बाहेरून! इथेच पॅरिस आडवं येतं. इमारतीचं बाहेरचं रूप बदलायचं तर घरमालकाची संमती, सोसायटीच्या सभेत मतदान, नगरपालिकेकडे अर्ज. जवळपास ऐतिहासिक वास्तू असेल तर सरकारी आर्किटेक्टचंही मत. म्हणजे पोस्टकार्ड जसंच्या तसं राहावं म्हणून त्याच्या आत राहणारा घाम गाळतो. वारसा जपायलाच हवा, पण उन्हाळे तापत चालले असताना छपराखाली माणसंही टिकायला हवीत. हा वाद आता पॅरिसला टाळता येणार नाही.

मैत्रिणीने तोवर मधला मार्ग काढलाय. आत चंदेरी ब्लॅकआउट, सकाळी ऊन चढायच्या आत खिडकी बंद आणि ब्लाइंड खाली, रात्री गारवा आला की दोन्ही सताड उघडं. आणि जाळीसाठी घरमालकिणीला रीतसर पत्र. पुढच्या सभेच्या अजेंड्यावर विषय आहे.

तुम्ही पोटमाळ्यावर घर थाटत असाल, तर क्रम लक्षात ठेवा. आधी ऊन बाहेर अडवता येतं का ते बघा, मग उजेडाचं ठरवा. रंग सर्वांत शेवटी!