उंबराचे फूल

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आईची. पण डोळे आले मला, असे म्हणायची पाळी आली आहे.

आमचे घर चिखलोलीला. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधली ही जागा. इमारतींची दाटी वाढत चालली असली, तरी दोन इमारतींच्या फटीतून आमच्या खिडकीला अजून डोंगर दिसतात. संध्याकाळी मी कॉलेजातून परततो तेव्हा आई त्या खिडकीशी बसलेली असते. गेली तीन-चार वर्षे तिचे एक वाक्य ठरून गेले होते.

"अरे, मलंगगडाकडचे डोंगर हल्ली किती मळकट दिसतात रे!"

आणि माझे उत्तरही ठरलेले. "दिसणारच! ही बांधकामं, ही धूळ, कारखान्यांचा धूर... पूर्वीचं काही राहिलंय का आता?"

हे उत्तर मी चपला काढता काढता देत असे. डोंगराकडे पाहण्याची गरज मला एकदाही वाटली नव्हती.

शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली आणि आई घरी आली. आल्या आल्या तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "केस किती पिकले रे तुझे!" असे म्हणून माझा निकाल लावला आणि ती खिडकीशी गेली. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "निळे आहेत रे!"

"काय निळे आहेत?"

"डोंगर! आणि तू म्हणायचास, धूळ आहे!"

डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ आणि पिवळसर होत जाते; निळा रंग त्यात अडकतो. नवे भिंग बसले, की तो एकदम परत येतो. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या डोळ्यावर १९२३ साली, म्हणजे वयाच्या ८२व्या वर्षी, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला सारेच नको इतके निळे दिसू लागले म्हणे. म्हणजे आईचा अनुभव शास्त्राला धरूनच होता. खुलासा करायचा राहिला तो माझ्या अनुभवाचा. माझ्या डोळ्यांत तर काहीच अडकलेले नव्हते! मग मला इतकी वर्षे तो निळा रंग का दिसला नाही?

याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी वर्गात मिळाले. बालकवींची 'औदुंबर' शिकवायची होती. अवघ्या आठ ओळींची ही कविता. पण तिच्याविषयी समीक्षकांनी जे लिहिले आहे, त्याची टिपणे माझ्या वहीत अठरा पाने आहेत. त्या आठ ओळींत निळा, हिरवा, पांढरा, काळा असे रंग आहेत. 'रंगसंवेदना' हा मुद्दा मी वर्षानुवर्षे तिसऱ्या क्रमांकावर सांगत आलो आहे. पूर्वी एकदा एका मुलीने विचारले होते, "सर, तुम्ही असं झाड पाहिलंय?" मी तिला हसून म्हटले होते, "ते परीक्षेत विचारत नाहीत." वर्गही हसला होता. ती मुलगी मात्र हसली नव्हती, हे मला आता आठवले.

बालकवी १९१८ साली गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्यापेक्षा वीस वर्षे अधिक जगून मी काय मिळवले? प्रत्येक वस्तूचे नाव! नाव कळले, की आपण वस्तूकडे पाहणे सोडून देतो. तुमचेही असेच होत असेल. लहान मूल 'हे काय?' म्हणून बोट दाखवते. आपण नाव सांगतो आणि त्याला पुढे ओढतो. त्या दिवशी मी वही मिटून ठेवली आणि कविता नुसती दोनदा वाचली. तास लवकर संपला.

दीड महिन्याने, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, आईला घेऊन चिखलोलीच्या धरणाच्या बाजूला फिरायला गेलो. वाटेत ओढ्याकाठी एक उंबर होता. खोडालाच लगडलेली फळे, काही हिरवी, काही लाल. आईने एक तोडले, फोडले आणि माझ्या हातावर ठेवले.

"हे बघ उंबराचं फूल."

उंबराचे फूल म्हणजे क्वचित दिसणारा माणूस, दुर्मीळ गोष्ट. हा वाक्प्रचार मी किती वर्गांना शिकवला असेल! फळाच्या पोटात बारीक बारीक फुले खच्चून भरली होती. शेकड्यांनी! आणि त्यांच्यामधून राईहून लहान किडे बाहेर पडून उडत होते. हेच किडे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत पोचवतात, हे मी कुठेतरी वाचले होते. तरीही ते हातावर चालू लागले, तेव्हा मी चक्क ओरडलो.

आई हसली. तिचे हसणे लहान मुलासारखे नव्हते. लहान मुलाला जग फुकट मिळते. तिला ते एकदा हरवून मिळाले होते. म्हणून ती सावकाश पाहत होती.

"तू लहानपणी मला विचारायचास, उंबराला फूल का नाही?" ती म्हणाली.

"मग तू काय सांगायचीस?"

"घाईत असायचे रे. म्हणायचे, नसतं."

आणि तिने दुसरे फळ तोडले.