पिट्सबर्ग येथील वॉरहॉल-संग्रहालय

ॲलेघेनी व मोनोंगाहेला या नद्यांचा जेथें संगम होऊन ओहायो नदी जन्म पावते, तेथें अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहर वसलेलें आहे. पोलादाच्या कारखान्यांच्या धुरामुळें एके काळीं येथें भर दुपारीं रस्त्यांतील दिवे लावावे लागत. आतां त्या भट्ट्या बहुतेक विझल्या आहेत, आणि आमच्यासारखे प्रवासी येतात ते एका मजुराच्या मुलाचीं चित्रें पाहावयास.

अँडी वॉरहॉल याचा जन्म १९२८ सालीं येथेंच झाला. आईबाप कार्पेथियन डोंगरांतील मिकोवा या खेड्यांतून पोटासाठीं आलेले. लहानपणीं हा मुलगा अंगास आचके येण्याच्या विकारानें अंथरुणास खिळला, तेव्हां आई यूलिया हिनें त्यास सचित्र मासिकें आणून दिलीं. सिनेमांतील नटनटींचीं छायाचित्रें जमविण्याचा नाद त्यास जडला. रविवारीं मायलेंकरें ज्या देवळांत जात, तेथें सोनेरी पार्श्वभूमीवर संतांच्या प्रतिमा ओळीनें मांडलेल्या असत. पुढील सर्व चित्रकलेचें बीज या दोन गोष्टींत आहे, असें आम्हांस वाटतें.

संग्रहालय १९९४ सालीं एका जुन्या वखारींत उघडलें. लिफ्टनें सातव्या मजल्यावर जावें आणि चित्रकाराचें आयुष्य पाहत खालीं उतरावें, अशी योजना आहे. मेरिलिन मन्रो ही नटी ऑगस्ट १९६२ मध्यें वारली. लागलीच वॉरहॉलनें तिचें जाहिरातीसाठीं काढलेलें एक छायाचित्र घेऊन, रेशमी जाळीतून शाई दाबून, तेंच मुख पुनः पुनः छापलें. लंडनच्या टेट संग्रहालयांत असलेल्या चित्रांत अशीं पन्नास मुखें आहेत. डावीकडील भडक रंगांचीं, उजवीकडील काळींपांढरीं, कोठें शाईनें माखलेलीं, कोठें पुसट होत गेलेलीं. आपण घरीं दिवंगत माणसाची एकच तसबीर हार घालून ठेवितों. येथें मृत स्त्रीचें मुख वर्तमानपत्राप्रमाणें गठ्ठ्यानें निघालें आहे. "हें कोणताहि छापखानेवाला करील," असें आमच्यांतील एका वडील गृहस्थांनीं म्हटलें. करील खरा, परंतु बिघडलेले ठसे तो रद्दींत टाकील. वॉरहॉलनें ते तसेच ठेविले, आणि लोकांच्या पाहण्यानेंच माणूस कसा झिजतो हें त्यांत दिसूं लागलें.

त्याचा अनुभव त्यास स्वतःसहि आला. ३ जून १९६८ रोजीं एका स्त्रीनें गोळी झाडल्यामुळें तो मरणाच्या दारीं पोंचला. दोनच दिवसांनीं रॉबर्ट केनेडी यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वर्तमानपत्रांनीं आपलें तोंड तिकडे फिरविलें.

खालच्या मजल्यांवर आम्ही अधिक रेंगाळलों तें त्याच्या पेट्यांपाशीं. पत्रें, बिलें, कात्रणें, आमंत्रणें, जें हातीं येई तें तो पेटींत भरून ती बंद करी. अशा ६१० पेट्या आहेत. आईचीं वस्त्रेंहि त्यानें अशींच जपून ठेविलीं. यूलिया न्यूयॉर्कांत वीस वर्षें मुलाजवळ राहिली, व त्याच्या कित्येक चित्रांवरील वळणदार अक्षर तिच्याच हातचें आहे. जगास त्या घरांत मुलगाच काय तो दिसला.

वॉरहॉल १९८७ सालीं वारला. शहराच्या दक्षिणेस बेथेल पार्क येथें त्याची कबर आहे. भक्तमंडळी तेथें सारच्या डब्या ठेवून जातात. २०१३ सालीं, त्याच्या पंचाऐंशीव्या जन्मदिनीं, संग्रहालयानें तेथें कॅमेरा बसवून ती कबर रात्रंदिवस जगास दाखविण्याची सोय केली. मागेंच आईबापांचा दगड आहे. त्यावर 'वॉरहोला' हें मूळचें आडनांव कोरलेलें आहे. त्यांतील शेवटचा स्वर मुलानें न्यूयॉर्कास गेल्यावर गाळला.