मिशनच्या आधी तुम्ही कोण?

विश्रांतवाडीतली आपली पोरं मला एकच विचारतात. बायबलच्या शाळेत काय करायला गेला होतास? तेही परदेशात? बाबासाहेब कोलंबियाला गेले, अर्थशास्त्र शिकले. तू काय शिकलास, गाणी?

प्रश्न रास्त आहे. म्हणून लिहितोय.

आमचं घर मूळचं नेवाशाकडचं, महारवाड्यातलं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढं कधीतरी मिशनच्या शाळेत आमच्यातला पहिला माणूस अक्षर शिकला, ख्रिस्ती झाला. १९७२ च्या दुष्काळात आजोबा पोटामागं पुण्याला आले. खडकीत मिळेल ते काम, राहायला आधी फुलेनगर, मग विश्रांतवाडी. घरात सलाम, चौकात जयभीम. दोन्ही मनापासून. १४ एप्रिलला मुकुंदराव आंबेडकर चौकात नाचलोय, नाताळात घरोघर गात फिरलोय. माणसांना अडचण नव्हती. अडचण कागदाला होती.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातलं तिसरं कलम काढून वाचा. अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं महारकी धुऊन निघाली, असं सरकारचं म्हणणं. गावाला मात्र ते कुणी कळवलं नाही. आमच्याच नात्यात एक घर दाखल्यावर ‘हिंदू महार’ आहे आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर असतं. त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’. परदेशी शिकायला राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. ती मला नाही. समाजकल्याण आयुक्तालयाचा पत्ता तेवढा ‘चर्च पथ’. हसा.

मग उरलं काय? पाळकसाहेबांच्या ओळखीनं इंग्लंडातल्या एका बायबल शाळेत वर्षाची जागा मिळाली. फी माफ, बदल्यात काम. गेलो. बाहेरचं जग बघायचं होतं, हेही खरं.

थंडीवर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, एवढं पुरे. मला अवघड गेलं ते बोलणं. मराठीत आपण देवाला ‘तू’ म्हणतो आणि पाळकसाहेबांना ‘तुम्ही’. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, स्वयंपाक्यालाही तोच. प्राचार्य म्हणाले, मला नावानं हाक मार. जीभ रेटेना. महिनाभर त्यांना हाकच मारली नाही, समोर जाऊन उभा राहायचो. पंधरा-वीस देशांची पोरं होती. शास्त्र मला पाठ, पण मराठीत. वर्गात अर्थ माहीत असून गप्प बसायचो, आणि गप्प बसणारा मठ्ठ समजला जातो, इथं काय नि तिथं काय.

भोजनघराबाहेर फळा होता. त्यावर आठवड्याच्या कामाच्या पाळ्या. भांडी, बाग, जिने, संडास. फळ्यावर सगळ्यांची नावं, प्राचार्यांचंसुद्धा. पहिल्या मंगळवारी बघतो तर हा साठीचा गोरा माणूस गुडघ्यावर बसून संडासाचं भांडं घासतोय आणि शीळ घालतोय. मी दारात उभाच राहिलो. माझी आई ठेक्यावर झाडकाम करते. पहाटे कोठीवर हजेरी लावताना तिला मी लहानपणापासून बघितलंय. तिच्या कामाला शीळ घालता येते हे मला नवीन होतं. फोटो काढून आईला पाठवला. तिचा फोन आला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “हातमोजे बघ की त्याचे, कोपरापातूर हायेत. आमाला तसले का देत न्हाईत रं?”

आता दुसरा. आपल्याच देशातला, दक्षिणेकडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातला. आपले पूर्वज ब्राह्मण होते, संत थोमानं त्यांना बाप्तिस्मा दिला, असं त्यांच्यात सांगतात. माणूस वाईट नव्हता. मला ताप आला तेव्हा त्यानं पेज करून आणली. पण दुसऱ्याच रात्री त्यानं माझं आडनाव विचारलं, आणि आडनावावरून काही उलगडेना तेव्हा विचारलं, “मिशनच्या आधी तुम्ही कोण?” तीस-चाळीस गोऱ्या-काळ्या माणसांत हा प्रश्न सुचलेला तो एकटा. मी सांगितलं, महार. तो “बरं बरं” म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याचं नाव संडासाला लागलं, माझं भांड्यांना. तो आला. म्हणाला, अदलाबदल करू. तुला सवय असेल.

मी म्हणालो, सवय माझ्या आईला आहे, आणि ती त्याचा पगार घेते. तू मला काय देणार?

बोलणं वाढलं. संध्याकाळच्या बैठकीत गेलं. मला जात म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावून सांगावं लागलं. एक जर्मन मुलगी रडली. वडीलधाऱ्यांनी पौलाचं गलतीकरांस पत्र उघडलं, ख्रिस्तात भेद नाहीत ते वचन, आणि म्हणाले दोघं मिळून प्रार्थना करा. मी म्हणालो, प्रार्थना करतो, आधी त्यानं त्याची पाळी करावी. प्राचार्य थोडा वेळ गप्प बसले, मग उठून फळ्यापाशी गेले आणि तीन आठवडे आम्हा दोघांची नावं संडासाला लावली. तिथं मात्र मला पटलं नाही. माझा काय गुन्हा? पण केलं. तो नाकाला रुमाल बांधून यायचा. ब्रश कसा धरायचा ते मी दाखवलं नाही. आपोआप शिकला.

त्या देशातही कायद्यात जातीचं भिजत घोंगडं आहे. २०१० च्या समता कायद्यात सोय ठेवली, २०१३ ला संसदेनं जात घालायलाच हवी असं ठरवलं, २०१८ ला सरकारनं माघार घेतली. जात तिथवर पोचली ती आपल्या सामानातून.

शाळेच्या ग्रंथालयात पंडिता रमाबाईंची पत्रं सापडली. १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींकडे राहिल्या, तिथंच ख्रिस्ती झाल्या. पण शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या भाषेत का नकोत, म्हणून भांडल्या. बाई चिवट. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि हेवाही. आपले पूर्वज सांभाळायचे असा त्यांचा हट्ट होता. मला तर पूर्वज विचारले की फळ्याकडं बोट दाखवत होते.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. आणि १९१७ ला बडोद्यात उतरले तर राहायला खोली मिळेना. माझी जाणीव पुसायला पाच दिवससुद्धा मिळाले नाहीत. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांवरही लिहिलंय, जात चर्चच्या दारात थांबत नाही म्हणून. आमच्या देवळात हे कुणी वाचून दाखवत नाही. मी दाखवणार आहे.

केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, धर्मांतरितांचा प्रश्न तपासायला. मोर्चाच्या पत्रकात हा मुद्दा घ्या, एवढं मी मंडळाच्या पोरांना म्हणालो. दोघं हो म्हणाले. एक म्हणाला, आधीच जागा किती थोड्या, त्यात तुम्ही. तोही खोटं बोलत नव्हता. भांडण चालू आहे.

सध्या आमच्या गल्लीतल्या एका पोरीचा परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देतोय. नवबौद्ध आहे, गुण चांगले आहेत, तिला मिळालीच पाहिजे. काल तिची आई विचारत होती, तिकडं तूरडाळ मिळती का? म्हटलं, मिळते मावशी. महाग मिळते.