गुडघ्यावरची हातोडी

मानसशास्त्राच्या आमच्या पुस्तकात 'प्रतिक्षिप्त क्रिया' हा भाग जेमतेम चार पानांचा आहे. परीक्षेला त्यावर टीप येते, आकृती काढली की गुण मिळतात, आणि बहुतेकांचे त्याच्याशी असलेले नाते तेथेच संपते. माझेही संपले असते.

२०२४ च्या गणपतीत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. अण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. ('करत होते' असे लिहायला हात धजत नाही.) रात्रपाळी करून आले, चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि तो हातातून सुटला. मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, म्हणून डावे अंग गेले. बोलणे मात्र शाबूत राहिले.

पहिले काही दिवस तो हात ओल्या फडक्यासारखा लोंबत असे. डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्याच्या वाटीखाली ठोकले. उजवा पाय टुणकन उडाला, डावा ढिम्म. आईने पदर तोंडाला लावला.

पाच आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. या वेळी डावा पाय उडाला, तोही उजव्यापेक्षा जोरात! डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. बाहेर रांग मोठी होती. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आईने दारातच हात जोडले. येताना वाटेत मारुतीला नारळ फोडला. "पाय कसा हानला बघितलास न्हवं? ताकद यायला लागली गं," असे म्हणत तिने गल्लीभर खोबरे वाटले. ताटली माझ्याच हातात होती.

पुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात ती चार पाने आली. बाई फळ्यावर गुडघा काढत होत्या आणि मला आमच्या अण्णांचा गुडघा दिसत होता. तास संपल्यावर मी त्यांना सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ग्रंथालयात शरीरशास्त्राचे जाड पुस्तक आहे, ते घेऊन जा." इंग्रजीच होते. शब्दकोश जवळ घेऊन चार रात्री बसले.

त्यात वाचले ते असे. आपल्या स्नायूंच्या आत बारीक अवयव असतात, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते. इंग्रजीत त्यांना 'स्पिंडल' म्हणजे चाती म्हणतात. आमची आई घरी कांड्या भरते, त्यामुळे चाती मला कुणी समजावून द्यावी लागली नाही. या चातीचे काम एकच : स्नायू किती ताणला आणि किती वेगाने ताणला याची खबर देणे. हातोडी वाटीखालच्या दोरीसारख्या कंडरेवर पडते, मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो, खबर मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात पोचते आणि तेथल्या तेथे दुसऱ्या मज्जातंतूवाटे हुकूम सुटतो, 'आखड!' साधारण २० ते ३० सहस्रांश सेकंदांत हे सारे होते. मेंदूला विचारायला कोणी जात नाही. त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूला सैल पडण्याचा हुकूम जातो. नाहीतर दोघे एकमेकांना ओढत बसले असते. अर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली गुडघ्याच्या या उसळीचे वर्णन केले. ताणाला स्नायू उत्तर कसे देतो हे लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये दाखवले. शेरिंग्टन यांना १९३२ साली एड्रियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

नळाखाली घागर धरून उभे राहा. पाणी भरते, वजन वाढते, तरी हात एकदम खाली जात नाही. उभ्या उभ्या डुलकी घेणारा माणूस किंचित पुढे कलला की पोटरी त्याला मागे ओढते. त्यातही या खबरीचा वाटा असतो. नुसता डॉक्टरांच्या हातोडीसाठी देवाने हा उपद्व्याप केलेला नाही.

पण मेंदूकडून खाली येणारे काही तंतू या क्रियेला सतत लगाम घालत असतात. झटक्याने ते तुटले की पहिल्याने सारेच गप्प पडते आणि काही आठवड्यांनी लगाम सुटल्यासारखी उसळी वाढते. म्हणजे आम्ही ज्याचा नारळ फोडला ती ताकद नव्हती. ताकद येते तेव्हा ती वेगळी येते. अण्णांच्या मांडीत थोडी आलीही आहे. पण ती उसळी तिची खूण नव्हती. उंबऱ्यावर पाऊल टेकले की त्यांचा पाय थडथडतो, आई त्यावर गोधडी घालते. तेही थंडीने नव्हे, याच कारणाने.

एक गोष्ट लिहायला जड जाते. कोपरात वाकून बसलेला तो हात सरळ व्हावा म्हणून, कोणाच्या तरी सांगण्यावरून, मी महिनाभर रोज तो हिसका देऊन ओढत होते. अण्णा दात खाऊन सोसत. जेवढा हिसका जोराचा तेवढा हात घट्ट आखडे, आणि मला वाटे, अण्णाच नेट लावत नाहीत. एकदा तर रागाने तसे बोललेही. चाती वेगाची खबर देते हे मला ठाऊक नव्हते. झटकन ओढले की ती ओरडते, हळूहळू नेले तर बरीचशी गप्प राहते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही पुढे हेच सांगितले.

आता संध्याकाळी मी हात धरते आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजत सावकाश उघडते. एकदा अण्णांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी माग सुरू हाय, पर बंद करनारा मानूस पाळीवर न्हाई."

"तसंच, अण्णा."

"मग त्या दिवशी माझ्यावर उगंच वराडलीस."

मी काही बोलले नाही. ते हसले आणि उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्यापुढे केला.

आईला मी अजून सांगितलेले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा दाखवायला जायचे आहे. तिने नारळ आणून ठेवला आहे.

— द्वितीय वर्ष, कला