मामांची लेट थाप

बीट बनवणं आता पोरासोरांचं काम झालंय, बॉस! लॅपटॉप, बरा हेडफोन आणि एफएल स्टुडिओ (तेच ते आपलं फ्रूटीलूप्स, २००३ मध्ये नाव बदललेलं). स्क्रीनवर सोळा घरांची एक ओळ येते. पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या घरात क्लिक केलं की किक. पाचव्या आणि तेराव्यात स्नेअर. उरलेल्या घरांत हाय-हॅट पेरा. प्ले दाबा, की तो बीट आपला गोल गोल फिरत राहतो. हाच लूप. चहा गार व्हायच्या आत तयार!

पण तिसऱ्या मिनिटाला त्याचा जाम कंटाळा येतो. का? तर मशीन चुकत नाही. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक घर बरोबर १५० मिलिसेकंदांचं. पहिलंही तेवढंच, हजारावंही तेवढंच. हा प्रॉब्लेम रॉजर लिन नावाच्या अमेरिकन माणसाला फार आधी कळला होता. १९८० च्या त्याच्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये आणि १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी केलेल्या एमपीसी-६० मध्ये त्याने ‘स्विंग’ दिला. म्हणजे काय, तर दोन घरांच्या ३०० मिलिसेकंदांची वाटणी १५०-१५० अशी न करता थोडी वाकडी करायची. ५४ टक्के स्विंग म्हणजे १६२-१३८. फरक फक्त १२ मिलिसेकंदांचा! पण तेवढ्यावर मान आपोआप हलायला लागते.

मलाही वाटायचं, झालं, स्विंग लावला की जिवंत. मग गेल्या दिवाळीत मामांची ढोलकी रेकॉर्ड केली.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. लालबाग-परळच्या ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य ढोलकी वाजवलेली. पुढे स्टेजवर ऑक्टोपॅड आला. आठ चौकोनी पॅड, काठीने मारा, त्यातूनच ढोलकी, तबला, काँगो, सगळं. एका माणसात चौघांचं काम व्हायला लागलं आणि मामांच्या सुपाऱ्या कमी झाल्या. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. ‘तो पोरगा वाजवायचा छान,’ एवढंच.

तर, खिडक्यांना गोधड्या लावल्या, ढोलकीच्या दोन्ही बाजूंना एकेक माइक ठेवला आणि मामांनी दहा मिनिटं वाजवलं. दुसऱ्या दिवशी मी कापायला बसले. इथे खरी गंमत. सुट्ट्या ड्रमचा ठोका कापून कुठेही डकवता येतो. ढोलकीचं तसं नाही. डाव्या बाजूचा घुमारा तळहाताने दाबत दाबत मामा पुढच्या थापेपर्यंत ओढत नेतात. मधेच कात्री लावली की त्याची शेपूट तुटते आणि कानाला टिक्कन लागतं. म्हणून ठोके नाही कापायचे, अख्खं आवर्तन उचलायचं आणि शेवटची शेपूट पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर अलगद चढवायची.

मग ते आवर्तन मी घरांच्या रेषांवर ठेवून बघितलं. समेवर यायच्या आधीची एक थाप साधारण २० मिलिसेकंद उशिरा. तिच्या अलीकडच्या दोन मात्र किंचित घाईत. दर फेरीला हेच! कुठल्याही टक्क्यात बसत नव्हतं. क्वांटाइझ करून सगळं रेषेवर आणलं, तर ढोलकीची पोलीस परेड झाली. लगेच अन्डू.

मामांना ऐकवलं तेव्हा त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. २००० च्या आसपास एका स्टुडिओत त्यांच्याकडून तासभर नुसते ठेके वाजवून घेतले होते. त्या दिवसाचं पाकीट मिळालं, विषय संपला. तीन-चार वर्षांनी गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर एक गाणं लागलं. ‘अगं, डावा हात माझाच होता. पण कोणाला सांगणार?’

मला ग्रेगरी कोलमन आठवला. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात त्याने जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रम सोलो वाजवला. पुढे हिपहॉपवाल्यांनी तो उचलला, इंग्लंडात जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार त्याच्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये गेला. बेघर होता. रॉयल्टीचा एक डॉलरही त्याला मिळाला नव्हता. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला २४ हजार पौंड दिले. तोवर ड्रमर जाऊन नऊ वर्षं झालेली.

हे आत्ताच आठवायचं कारण म्हणजे, एका जाहिरात एजन्सीला मामांचा तो लूप हवाय. ‘सॉलिड आहे, फक्त थोडा टाइट कर, आणि वन-टाइम पेमेंटमध्ये सगळे राइट्स दे.’ माझं डोकंच फिरलं. मामांचं नाही फिरलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘किती देतायत?’ आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘बरे आहेत की. पण एकाच जाहिरातीला दे. दुसरीकडे वापरला तर परत पैसे. आणि टाइट-बिइट काही करायचं नाही. सरळ हवा असेल तर मशीन आहेच ना त्यांच्याकडे?’

तेच तीन मुद्दे मी एजन्सीला मेल केलेत. ढोलकीवादक म्हणून मामांचं नाव, एकच जाहिरात, एक वर्ष. फाइलचं नावसुद्धा मामांच्याच नावाने सेव्ह केलंय. अजून उत्तर नाही. मामांचा मात्र रोज फोन असतो, ‘काय गं, पाकिटाचं काय झालं?’