सहा मिलिमीटरांचा वाद

व्याकरणाच्या हद्दीबाहेर आमची गती फारशी नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य आहे. फ्यूज गेला तर आम्हांस कोणी हाक मारीत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी एके रात्री जेवणे आटोपल्यावर धाकट्या चिरंजीवांनी आपला मोबाइल आमच्या पुढ्यात धरून, "बाबा, हे जरा बघा," असे म्हटले, तेव्हा यात काहीतरी आर्थिक व्यवहार दडलेला असणार, हे आम्ही तत्काळ ओळखले.

चित्रात दोन्ही बाजूंनी उघड्या पेल्यासारखी अॅल्युमिनियमची एक वस्तू होती. पेल्याच्या मध्ये आडवी दांडी आणि दांडीवर फिरणारी पितळी रंगाची चकती. "थ्रॉटल बॉडी," चिरंजीव म्हणाले. "आपल्या गाडीची पन्नास मिलिमीटरची आहे. ही छप्पनची. गाडी पळायला लागेल बघा!" किंमत अठ्ठावीस हजार. पंधरा हजार त्यांच्या बोनसमधून येणार होते. उरलेल्या तेरा हजारांसाठी हे चित्रदर्शन.

येथे थोडी पूर्वपीठिका सांगणे प्राप्त आहे. आमचे चिरंजीव उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. बेळगावात ज्याने उद्यमबागेचे पाणी प्यायले त्याला जगातील प्रत्येक छिद्र थोडे मोठे करून पाहावेसे वाटते, असा आमचा अनुभव आहे. त्यांनी कर्ज काढून एक वापरलेली मोटार घेतली. पेट्रोलची, टर्बो असलेली, एक लिटरचे इंजिन आणि एकशेदहा अश्वशक्ती. पहिले वर्ष आनंदात गेले. पुढे चोर्ल्याचा घाट चढताना गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. निदानही त्यांनी स्वतःच केले होते : गाडीचा घसा अरुंद आहे.

"माणसाच्या नाकपुड्या मोठ्या केल्या की श्वास मोठा येईल की नाही?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाची येथे मोठी पंचाईत होते. दृष्टान्त खोडावयाचा तर दुसरा दृष्टान्तच सुचतो, आणि दोन दृष्टान्तांच्या झुंजीत मूळ गोष्ट बाजूला पडते. आम्ही म्हटले, "आठ दिवस द्या. विचार करून सांगतो." चिरंजीवांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापकाच्या तोंडी 'विचार करून सांगतो' याचा अर्थ काय असतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे.

पण या वेळी आम्ही खरोखरच विचार करावयाचे ठरविले. तेरा हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हे, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या मनातच होते. मुलाला ज्या गोष्टीची ओढ आहे तिच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसतानाच आपण 'नाही' म्हणणार आहोत, याची थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या बाईंपुढे आम्ही हा प्रश्न मांडला. बाईंनी आधी हवेचा प्रवास खडूने फळ्यावर काढला. हवा प्रथम गाळणीतून आत येते. मग टर्बो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, ती दाबतो. दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमध्ये निवते, आणि त्यानंतर ती थ्रॉटलच्या चकतीपाशी येऊन पोहोचते. बाई म्हणाल्या, "सर, नाकपुडीची उपमा इथंच चुकते. साध्या इंजिनात थ्रॉटल हे नाक आहे. मागून ढकलणारं कोणी नाही. वातावरणाचा दाब हेच काय ते भांडवल. टर्बोच्या गाडीत मागं पंप लावून ठेवलेला आहे."

साध्या इंजिनाच्या वाटेत हवेचा जो दाब वाया जातो तो कायमचा गेला. समुद्रसपाटीवर हे भांडवल सुमारे १०१ किलोपास्कल असते. आपले बेळगाव उंचावर, म्हणून येथे ते ९२-९३ भरते. टर्बोच्या गाडीत मात्र संगणकाला एक उद्दिष्ट दिलेले असते. इंजिनाच्या तोंडाशी अमुक दाब हवा असे तो ठरवितो, आणि तो भरला नाही तर पंख्याकडे थोडा अधिक धूर वळवून भरपाई करून घेतो. वाटेतील थोडीशी तूट पंपच सोसतो.

"पण तूट आहे तरी किती?" आम्ही विचारले. बाईंनी फळा पुसला आणि हिशेब मांडला. एकशेदहा अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला सुमारे ९० ग्रॅम हवा लागते. १७० किलोपास्कल दाबाला तिचे आकारमान पन्नास लिटरांच्या आतबाहेर होते. पन्नास मिलिमीटरच्या भोकातून ती सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने जाते. हा वेग वाऱ्याच्या मानाने मोठा, पण हवेला गुदमरविण्याइतका मुळीच नव्हे. त्यासाठी वाया जाणारा दाब अर्धा-पाऊण किलोपास्कल. दांडीचा आणि चकतीचा अडथळा धरून फार तर एक. छप्पन मिलिमीटरने क्षेत्रफळ सव्वापट होते, हे चिरंजीवांचे म्हणणे बरोबर होते. तूट त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटते. पण एकशेसत्तरातल्या एकाचा तिसरा भाग तो किती! एकशेदहा अश्वशक्तीत पाव अश्वशक्तीचीही भर पडेना. बाईंनी खडू ठेवला आणि घंटा झाली.

हा हिशेब आम्ही विजयी मुद्रेने घरी नेला. चिरंजीवांनी तो शांतपणे ऐकला आणि आम्हांस आपल्या एका मित्राच्या गाडीत नेऊन बसविले. मित्राने आठवड्यापूर्वीच मोठी थ्रॉटल बॉडी बसविली होती. त्याने पेडलला पाय लावला मात्र, गाडी उसळली! आमचा चष्मा नाकावरून घसरला. "आता सांगा, बाबा," चिरंजीव मागून म्हणाले. आमच्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही.

उलगडा पुढे झाला, आणि आम्हांस तो फार गमतीचा वाटला. चकती तेवढ्याच अंशाने फिरली तरी मोठ्या भोकात फट मोठी पडते. म्हणजे पेडल पाव दाबले असता पूर्वी जी हवा मिळे त्याहून अधिक मिळते. पुढे मिळावयाचे ते आधी मिळाले, एवढेच. पेडल तळाला टेकविल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच. पाकिटातले पैसे तेवढेच राहिले, फक्त वरच्या कप्प्यात आले. शिवाय आजच्या गाडीत पेडल आणि चकती यांच्यामध्ये तार नसते, संगणक असतो. किती अंशाला किती हवा याचे त्याचे पाढे जुन्या मापाचे. मागितल्यापेक्षा जास्त हवा आली की तो आधी गोंधळतो, मग शिकून चकतीच कमी उघडतो. मित्राची गाडी उभी असताना इंजिन वरखाली होत होते, आणि महिन्याभराने तिची ती उसळीही राहिली नाही, असे आमच्या कानी आले.

या निमित्ताने आम्ही थोडे वाचनही केले. टर्बोचे मूळ पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच पर्वतावर नेले आणि विरळ हवेतही टर्बोमुळे त्याची शक्ती टिकते हे दाखवून दिले. परंतु आमच्या वादाला खरा उपयोग झाला तो जागतिक रॅली शर्यतींच्या इतिहासाचा. तेथे १९९५ पासून गाड्यांची शक्ती आवरण्यासाठी ३४ मिलिमीटरचे कडे सक्तीचे झाले. ते कडे थ्रॉटलवर नव्हे, टर्बोच्या तोंडाशी, हवा दाबली जाण्याच्या आधी. त्या भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो, आणि मग मागे कितीही मोठा पंप लावा, अधिक हवा येत नाही. त्याच वर्षी स्पेनमधील कातालुन्या रॅलीत टोयोटाच्या संघाने हे कडे गुपचूप सरकेल आणि बाजूने हवा आत येईल अशी युक्ती केल्याचे उघडकीस आले. संघाचे त्या वर्षीचे सर्व गुण गेले आणि वर्षभराची बंदी आली. जगातील निष्णात यंत्रज्ञांनी चोरी केली ती कोठे, हे पाहावे. थ्रॉटलकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

हे सर्व आम्ही रात्री जेवताना ऐकविले. जरा लांबलेच असावे. कारण सौ. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, एवढा हिशेब कमान बांधताना का नाही मांडलात?"

घास तोंडातच राहिला. वाचकांना ही कमान ठाऊक असण्याचे कारण नाही. २०१३ साली, आम्ही दुसऱ्या एका गावी असताना, शाळेतील मुलांची संख्या दरवर्षी घटत होती. सरकारी मराठी शाळांचे आपल्या भागात जे चालले आहे तेच. शाळेचे फाटक मोडके, अरुंद. पाहणाराचे मन आत येत नाही, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही गावात फिरून सत्तर हजार रुपये वर्गणी जमविली आणि भव्य कमान उभारली. तीवरचा मजकूर शुद्धलेखनासह आमचाच. पुढच्या जून महिन्यात पहिलीला तेरा मुले आली. आदल्या वर्षी चौदा होती. अडचण फाटकात नव्हतीच. नव्या वस्तीतून शाळेपर्यंत लहान मुलांना आणणारे वाहन नव्हते, आणि इंग्रजी शाळेची व्हॅन दारात येत होती. हे आम्हांस एका आजीबाईंनी सांगितले, तेव्हा वर्गणी संपली होती.

चिरंजीव हसले नाहीत. ते ताटाकडे पाहत होते. आम्हीच म्हटले, "मोजून बघू या. तूट निघाली तर तेरा हजार आमचे."

येत्या रविवारी पहाटे चिरंजीव, आम्ही आणि ओळखीचे एक मेस्त्री असे तिघे जांबोटीच्या रस्त्याला लागलो. मेस्त्रींनी स्टेअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर खोचला. या गाडीत दाब मोजणारे दोन सेन्सर होते, एक थ्रॉटलच्या अलीकडे व एक पलीकडे. मेस्त्रींनी इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरविली. दोन्ही आकडे ९२. "सर, दोन्ही काटे खरं बोलूलेत. आता बघू," ते म्हणाले. माणूस शाळेत फार शिकलेला नव्हता. पण मोजण्याआधी मोजमाप तपासून घ्यावे, हे त्यांनी आम्हांस न शिकविता शिकविले.

चढावर, मोकळ्या रस्त्याला, तिसऱ्या गिअरमध्ये चिरंजीवांनी पेडल तळाला टेकविले. आम्ही मागच्या आसनावर वरचा दांडा धरून आकडे वाचीत होतो. थ्रॉटलच्या अलीकडे १५८. पलीकडे १५७. पुन्हा केले, पुन्हा तेच. एक किलोपास्कल! बाईंचा खडू आम्हांस आठवला.

पण मेस्त्री त्या आकड्यांकडे पाहतच नव्हते. त्यांचे बोट तिसऱ्या आकड्यावर होते. संगणक मागत होता १७५, आणि थ्रॉटलच्या अलीकडेच पोहोचत होते १५८. "वाटेत कुठंतरी गळूलंय," ते म्हणाले. "गाडी जोर करताना शूऽऽ असा आवाज येतोय ना? तो कधीपासून?"

चिरंजीवांचे कान लाल झाले. तो आवाज ते मित्रांना मुद्दाम ऐकवीत असत. टर्बोचा खास आवाज म्हणून त्यांना त्याचा अभिमान होता. बॉनेट उघडल्यावर इंटरकूलरच्या रबरी नळीची चाप सैल झालेली आढळली. नळीच्या कडेला तेलकट धूळ बसली होती. दाबलेली हवा घाट चढताना तेथून सुखेनैव निसटत होती. नवी चाप दीडशे रुपयांची. हवेची गाळणीही मातीने भरलेली निघाली, ती चारशेची. परतताना आकडे १७४ आणि १७३ दिसले. जांबोटीच्या चढावर गाडीने आम्हांस आसनात मागे दाबले, आणि चिरंजीवांनी आरशातून आमच्याकडे पाहिले.

मेस्त्रींनी जाता जाता न्यायही केला. "इंजिन आतून बदललंत, टर्बो मोठा लावलात, दुप्पट हवा ओढायला लागलात, तर हीच बॉडी लहान पडेल. तेव्हा या." तेवढ्याच दाबाने दुप्पट हवा न्यावयाची तर तूट चौपट होते, हे खरेच आहे. शर्यतीच्या गाड्यांत म्हणूनच ती बदलतात. आमच्या गाडीवर अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत.

चोर्ल्याचा घाट आम्ही दिवाळीनंतर चढलो. सौ. पुढे बसल्या होत्या. तो शूऽऽ आवाज गेल्यामुळे गाडी बिघडली आहे काय, अशी त्यांना वाटभर शंका होती. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा चिरंजीवांनी हळूच मोबाइल पुढे केला. या वेळी चित्र धुराच्या नळीचे होते. "बाबा, ही मात्र टर्बोच्या नंतर येते. हिचा हिशेब बाईंना विचाराल?"

आम्ही चष्मा पुसला आणि किंमत विचारली.